वरच्या पायरीवरचा चहा

मी, शिड्यांच्या कारखान्याच्या दिवंगत संस्थापकांची पत्नी, वय ऐंशीच्या पुढे, धंदा घरकाम आणि अलीकडे लोकांच्या तक्रारी ऐकून घेणे, हे मृत्युपत्र माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून, माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे, कारण हा मजकूर वाचून काही जणांना माझ्या डोक्याची काळजी वाटू लागेल. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय तेही सांगितलं. त्यांनी सही केली. मला कोणी धमकावलेलं नाही. फूस लावण्याचा एक प्रयत्न झाला, तो पुढे येईल.

या आधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मुलाने टाइप करून आणलं होतं आणि त्यात 'प्रेमळ मातोश्री' हे शब्द सहा वेळा होते. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कलम १. वारस.

मला दोन मुलं. थोरला मुलगा, हल्ली कंपनीचा अध्यक्ष, आणि धाकटी मुलगी. त्याची बायको माझी सून, तिचे यजमान माझे जावई. चौघंही खाऊन-पिऊन सुखी आहेत. चौघांचं कंपनीवर इतकं प्रेम आहे की प्रत्येकाने तिच्याशी आपापला वेगळा व्यवहार ठेवला आहे. कंपनी शिड्या ठेवते ते गोदाम मुलाचं. शिड्या पास करते ती प्रयोगशाळा सुनेची. शिड्यांना लागणारा ॲल्युमिनियमचा पाइप येतो जावयांच्या कारखान्यातून, आणि तो कारखाना कागदोपत्री माझ्या मुलीच्या नावावर आहे. म्हणजे शिडी मुलीच्या पाइपची, सुनेने पास केलेली, मुलाच्या गोदामात उभी. चढणारा तेवढा परका.

यात गुपित काहीच नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात शेवटी शेवटी हे सगळं छापलेलं असतं, मुंगीच्या अक्षरात. ज्यांना मी जन्मभर घरचे म्हणत आले, त्यांना तिथे 'संबंधित पक्ष' म्हणतात. आणि खाली एक ओळ असते: सर्व व्यवहार बाजारभावाने झाले आहेत. कोणत्या बाजाराच्या, ते लिहिलेलं नसतं.

कलम २. घर.

राहतं घर, मागच्या पत्र्याच्या शेडसकट, माझ्या एकटीच्या नावावर आहे. कारखाना याच शेडमध्ये सुरू झाला. म्हणून आजही प्रत्येक शिडीच्या लेबलवर या घराचा पत्ता असतो आणि त्याखाली 'तक्रार असल्यास येथे यावे' अशी ओळ असते. ती यांनी मोठ्या हौसेने घातली होती. मुलाने पुढे लेबलचा रंग बदलला, अक्षर बदललं, पण ओळ तशीच राहिली, कारण लेबल त्या चौघांपैकी एकानेही वाचलेलं नाही. त्यामुळे कंपनीचा तक्रार विभाग म्हणजे मी.

याच घराची माळ्यावरची खोली कंपनी 'पाहुणेघर' म्हणून भाड्याने घेते, हेही मला अहवालातच कळलं. घर माझं, जिना माझा, भाडं मुलाच्या फर्मला. मी त्याला विचारलं.

"आई, ती नुसती कागदावरची व्यवस्था आहे गं."

"मग पैसेही कागदावरच राहू देत की."

तो हसला. असं हसलं की विषय संपतो, असं त्याला वाटतं. आजवर त्या पाहुणेघरात एकच पाहुणी उतरली आहे, शेजारची मांजर, आणि ती तिथे बाळंत झाली.

घर मुलीला मिळावं. मुलाला गोदाम आहे. झोपायला जागा कमी पडली तर तिथे पथारी टाकावी, कंपनी त्याचंही भाडं देईल. माळ्यावरची खोली मांजर हयात असेतो मांजरीकडे राहावी. आमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी कंपनीशी कसलाही व्यवहार नसलेली ती एकटीच आहे.

कलम ३. यांची हत्यारं.

रिव्हेटची हातोडी, लांब कानस, हातकरवत, स्पिरिट लेव्हल आणि टवका उडालेला इनॅमलचा कप. कप हत्यारांत मोडतो का, असं वकील विचारतील. मोडतो. का ते सांगते.

रोज सकाळी हे तयार मालात जायचे, डोळे मिटून एक शिडी ओढून काढायचे, अंगणात उभी करायचे आणि चहाचा कप घेऊन वरच्या पायरीवर जाऊन बसायचे. चहा कढत हवा आणि कप काठोकाठ हवा, म्हणजे घाईघाईने घोट मारून उतरता येत नाही. सावकाश फुंकर मारत प्यायचा. चहा संपला की त्या दिवशीचा माल बाहेर जायचा. एकदा वर बसल्या बसल्या पायरीने जरासा आवाज केला. कप वरच ठेवून खाली उतरले आणि सगळा माल मोडायला लावला. गिऱ्हाईकं हसायची, व्यापारी तर 'शिडीवरचा शेठ' म्हणायचे. यांचं एकच म्हणणं असे, "जिच्यावर मी चहा पिणार नाही, तिच्यावर दुसऱ्याला कशाला चढवू?"

मुलगी शाळेला जायच्या आधी यांच्यामागून अर्ध्यापर्यंत चढायची आणि बिस्किट वर पोचवायची. मुलगा खाली उभा राहून विचारायचा, "बाबा, या शिडीचे किती येतील?" दोघंही माझ्याच पोटची आहेत, मी कोणाकडे दाद मागू?

हे गेले आणि तेरावं होताच चहा बंद झाला. म्हणे अध्यक्षाने शिडीवर बसणं बरं दिसत नाही. मग वाळूचं पोतं आलं. पोत्याचं बरं असतं, पडलं तरी त्याच्या घरी कळवावं लागत नाही. पुढे पोतंही गेलं आणि प्रयोगशाळा आली. सूनबाई मला कौतुकाने ती दाखवायला घेऊन गेल्या. खोली छान गार, भिंतीवर चित्रं, बसायला मऊ खुर्च्या. मी इकडेतिकडे पाहिलं.

"शिडी कुठाय गं?"

"आई, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"आणि माणसं चढतात ती?"

त्यावर मला कॉफी देण्यात आली. ही प्रयोगशाळा शिड्यांना जे दाखले देते, त्यांपैकी एक सुनेने काचेच्या चौकटीत बसवून मला वाढदिवसाला दिला होता. तो तिला परत करावा. हत्यारं आणि कप मुलीला द्यावेत.

कलम ४. बँकेतली शिल्लक.

ती सगळी एका रंगाऱ्याला द्यावी. तो माझा कोणी नाही. लेबल वाचून तो आमच्या दारात आला. काखेत कुबडी, आणि मागे त्याची बायको आमची शिडी घेऊन उभी. शिडीचा एक दांडा मधोमध असा वाकलेला, जणू कोणी गुडघ्यावर घेऊन मोडला.

"बाई, तक्रार इथंच घेतात ना?" त्याने विचारलं.

मी त्याला आत बसवलं. एका शाळेच्या जिन्यातली भिंत रंगवताना तो पडला होता. पाय दोन ठिकाणी मोडला. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की हा शिडीचा अयोग्य वापर आहे, तरी सद्भावना म्हणून नवी शिडी पाठवत आहोत. अहो, पाय मोडलेल्या माणसाला शिडी! ती नवी शिडीही त्याने बरोबर आणली होती. म्हणाला, "ही तुमच्याकडंच ठेवा बाई. घरात पोरं आहेत माझ्या, एखादं चढायचं."

त्या रविवारी सगळे जेवायला आले तेव्हा मी जावयांना विचारलं, "त्या माणसाने अयोग्य असं काय केलं?"

"आई, तो अगदी वरच्या पायरीवर उभा होता."

"मग वरची पायरी लावता कशाला?"

"ते डिझाइन असतं," जावई म्हणाले आणि पुन्हा वाढून घेतलं.

मी तो मोडका दांडा चिमटीत धरून पाहिला आहे. यांच्या वेळच्या पाइपपुढे तो म्हणजे डब्याचा पत्रा. भाव मात्र तेव्हाच्या दीडपट. माझी लेक समोर ताटाकडे बघत बसली होती. एरवी तिचं तोंड बंद नसतं.

तर शिल्लक रंगाऱ्याला. त्याचा पाय बरा झाला तरी त्यालाच. हे दान नाही. आमच्या लेबलवर तक्रारीचा पत्ता आहे, तेव्हा तक्रारीचं काहीतरी व्हायला पाहिजे.

कलम ५. वार्षिक सभा, आणि माझा हात.

माझ्याकडे कंपनीचे जवळजवळ एक तृतीयांश भाग, म्हणजे शेअर, आहेत. इतकी वर्षं मी सभेला जायचे, पहिल्या रांगेत बसायचे, चहा-सँडविच घ्यायचे आणि भेटीची कापडी पिशवी घेऊन परत यायचे. रंगारी येऊन गेल्यावर मात्र मी चष्मा बरोबर नेला. ठराव आला: संबंधित पक्षांकडून पाइप, जागा आणि तपासणी घेण्यास मंजुरी. विरोधात कोण, असं विचारल्यावर मी हात वर केला. मागच्या रांगेतल्याने चहा ढवळणं थांबवलं.

कंपनीचा सेक्रेटरी, गुणी मुलगा, लगबगीने माझ्याजवळ आला. खाली वाकून म्हणाला, "आजी, तुमचं मत धरता येत नाही. या ठरावावर संबंधित पक्षांना मत नसतं."

"अरे, मी कसली संबंधित? मी एक पैसा घेत नाही."

"पण तुम्ही त्यांच्या आई आहात ना."

आई म्हणून मी हात वर केला होता आणि आई म्हणूनच तो खाली घ्यायला लावला. कायदा तसा चांगला आहे. घरच्यांनी घरच्यांचं मंजूर करू नये म्हणूनच तो केलाय. घरची एखादी म्हातारी विरोधात उठेल, हे बिचाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसणार. ठराव पास झाला. बाहेरच्या भागधारकांपैकी जे आले होते त्यांना त्या वर्षी पिशवीबरोबर छत्रीही मिळाली होती.

दुसऱ्याच दिवशी सूनबाई गोड चेहऱ्याने आल्या. मला कंपनीची 'मार्गदर्शक' नेमायचं ठरलं होतं, मानधनासह. काम काय, विचारलं. "काहीच नाही हो आई, नुसतं घरी बसायचं." ते मी फुकट करतेच आहे. वर म्हटलेली फूस ती हीच.

कलम ६. पडदा.

हे कलम कायद्याला लागत नसेल, पण मला लागतं. सभेनंतरच्या रविवारी जेवणं झाल्यावर दिवाणखान्यातला पडदा कडीतून निसटून लोंबत होता. मुलगी म्हणाली, "मी लावते." कोपऱ्यात दोन शिड्या होत्या. एक यांच्या हातची, जड, डागाळलेली. दुसरी रंगाऱ्याला सद्भावनेने मिळालेली, चकचकीत. लेकीने हाताला आली ती चकचकीत उघडली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

जावई सोफ्यावर पेंगत होते. ते असे ताडकन उठले की हातातला पेपर उडाला.

"उतर! आधी उतर खाली. ती नको, ती जुनी घे!"

 मुलाने खिडकीबाहेर पाहिलं, सुनेने मोबाइलमध्ये. लेक पायरीवर पाय तसाच ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. मग उतरली, जुनी शिडी आणली आणि पडदा लावला.  जावई वाईट माणूस असते तर बरं झालं असतं. त्यांचा बायकोवर जीव आहे. तो रंगाऱ्याच्या बायकोचाही नवऱ्यावर असेल, एवढाच हिशोब त्यांना जमला नाही. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. त्याच आठवड्यात मी हे लिहायला घेतलं.

कलम ७. माझे भाग.

आता मुद्द्याचं. माझ्या पश्चात माझे सर्व भाग मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे मिळावेत, पण पुढील अटीवर.

माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या वार्षिक सभेत, सर्व भागधारकांसमोर, दोघांनी कंपनीच्या चालू मालातल्या शिडीवर चढून वरच्या पायरीवर बसावं आणि एक कप चहा प्यावा. कप यांचा इनॅमलचा. चहा कढत आणि काठोकाठ, गार करून आणलेला चालणार नाही. बशीत ओतायचा नाही. शिडी कोणती, ते रंगारी गोदामात जाऊन ठरवेल. खाली गादी अंथरू नये. आपल्याऐवजी ड्रायव्हर, शिपाई, इंजिनियर किंवा पोतं चढवू नये. सुनेचा दाखला दाखवल्यास तो कपाखाली ठेवायला वापरावा.

जो चढेल त्याला त्याचा हिस्सा. जो चढणार नाही त्याचा हिस्सा कारखान्यातल्या कामगारांच्या संस्थेला जाईल. ते आमचे नातेवाईक नाहीत, त्यामुळे त्यांचा हात वर झाला तर कोणाला तो खाली घ्यायला लावता येणार नाही. त्या हाताने ते पाइपच्या ठरावाचं काय करतील, ते मी त्यांना सांगणार नाही. त्यातल्या बऱ्याच जणांनी यांना शिडीवर चहा पिताना पाहिलं आहे.

कलम ८. वाचन.

हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचं नाही. येत्या रविवारी जेवणानंतर मी ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवणार आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा मुलांकडे वेळ आहे. चांगला पाइप घ्यायला लागा, नीट रिव्हेट मारा, आणि मग खुशाल वर बसून चहा प्या. मला भाग कोणाकडून काढून घ्यायचे नाहीत. रंगाऱ्यासारखा दुसरा कोणी माझ्या दारात येऊ नये, एवढंच मला हवंय.

अंमलबजावणी डॉक्टरांनी करावी. त्यांचं कोणी कंपनीला काही विकत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

लिहून ठेवणार: सही.
साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही.
साक्षीदार दुसरी: शेजारीण. सही. (मांजर माझी नाही, ती फक्त आमच्याकडे दूध पिते, असं लिहून देते.)

पुरवणी, त्याच रविवारी संध्याकाळी लिहिलेली.

वाचन झालं. मुलाने वकिलाला फोन लावला. सुनेने वाचनाला बोलावलेल्या डॉक्टरांना बाजूला घेऊन माझ्या डोक्याबद्दल विचारलं आणि डॉक्टरांनी तिला बंद घड्याळाची गोष्ट सांगितली. जावई म्हणाले, "आई, असं कुठं असतं का?"

 माझी लेक उठली, कोपऱ्यातली चकचकीत शिडी दिवाणखान्याच्या मधोमध उभी केली आणि चढू लागली. जावई धावले आणि दोन्ही दांडे घट्ट धरून उभे राहिले. ती वरच्या पायरीवर जाऊन बसली. शिडी कुरकुरली. मीही ऐकलं, तिनेही ऐकलं.

"आई, चहा टाक."

 मी आत गेले आणि चहा ठेवला. बाहेरून जावयांचा आवाज येत होता. "उतर ना गं. प्लीज उतर." ती म्हणत होती, "पाइप माझ्या नावावर आहे ना? मग बसू दे मला." चहाला उकळी आली. मी गॅस बारीक केला आणि आणखी उकळू दिला. ती वर बसलेली, जीव माझाही टांगणीला लागला होता, पण मी हलले नाही.

शेवटी जावई स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडले, "आई, उद्यापासून जुन्या जाडीचा पाइप! लिहून देतो! गोदामातला सगळा माल परत घेतो. तिला खाली बोलवा!"

तेव्हा मी गॅस बंद केला. लेक खाली उतरली आणि चहा तिने जमिनीवर बसून घेतला. जावई बराच वेळ शिडी धरूनच उभे होते.

डॉक्टर विचारतात की आता मुलीपुरती अट पूर्ण झाली असं समजायचं का. नाही. एक तर चहा खाली बसून प्यायला गेला. दुसरं, तो घरच्यांसमोर प्यायला गेला, आणि घरच्यांचं धरता येत नाही, हे मला कंपनीच्या सेक्रेटरीनेच शिकवलं आहे. अट आहे तशीच राहील. तिला सभेत पुन्हा चढावं लागेल, भर लोकांत, रंगाऱ्याने निवडलेल्या शिडीवर. मुलगा अजून वकिलाशी बोलतोय. त्याच्या हिश्शाचं काय होईल ते कामगारांनी विचारलं, तर तूर्त सांगू नये.

बदल एकच करते. मुलगी चढेल तेव्हा खाली शिडी धरायला जावयांना परवानगी आहे. आज त्यांनी चांगली धरली होती.

लिहून ठेवणार: सही.
साक्षीदार: डॉक्टर, शेजारीण. सह्या.
ठिकाण: दिवाणखाना, शिडीशेजारी. तारीख: वार्षिक सभेनंतरचा दुसरा रविवार.